भंवरीच्या मुलीचं पान

वन्सं, थाळी अजून तुमच्या पलंगाखालीच आहे. जुन्या लुगड्यात गुंडाळून तुम्ही ठेवली होती, तशीच. तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. तुमच्या आजारपणात भाड्याने आणलेला पलंग परत न्यायला माणूस दोनदा येऊन गेला आणि दोन्ही वेळा मी त्याला काहीबाही सांगून परत पाठवलं. तुमचा भाऊ म्हणतो, खोली मोकळी करायची एवढी काय घाई आहे. घाई मला नाहीच. ती थाळी हलवायच्या आधी तुमच्याशी थोडं बोलायचं आहे, आणि ते तुम्हाला आवडणारं नाही.

पेपरात द्यायच्या चार ओळी चिनूने लिहिल्या. तुमची भाची, आमची एकुलती एक. तिचं मराठी तुम्ही जन्मभर दुरुस्त करत राहिलात आणि ती जन्मभर 'आत्या, मतलब समझ लो ना' म्हणत राहिली. वय, शिक्षण, नोकरी, मागे कोण कोण आहे, सगळं तिने एकही चूक न करता लिहिलं. त्यात तुम्ही कुठेच नव्हतात. ते मी इथे पुन्हा लिहीत नाही, ज्यांना हवं त्यांनी तो कागद वाचावा.

मी अकोल्याहून लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही आधीच इकडच्या होऊन बसला होतात. तुमचे यजमान इथे जयपूरच्या छावणीत होते. ते गेल्यावर सगळ्यांना वाटलं, आता ही माहेरी सांगलीला परत येणार. तुम्ही पेटीतून नर्सिंगचं सर्टिफिकेट काढलंत आणि कानोत्याच्या पुढे, बसने तासाभरावरच्या एका कस्ब्यातल्या प्रसूतिगृहात नोकरी धरलीत. बहिणीला परमुलखात एकटं कसं ठेवायचं म्हणून तुमच्या भावाने बँकेत हातापाया पडून जयपूरची बदली मागून घेतली. आणि तुम्ही? निवृत्त होईपर्यंत त्याच्या घरी सलग आठ दिवस राहिला नाहीत. प्रसूतिगृहाच्या मागच्या दोन खोल्यांत तुमचा संसार. रविवारी आलात तरी संध्याकाळच्या बसवर लक्ष. मला तेव्हा राग यायचा, आज सांगते. मी केलेल्या पुरणपोळीपेक्षा तुम्हाला कोण्या परक्या बाईच्या कळांची जास्त काळजी असायची.

ते प्रसूतिगृह एका शेठजींनी बांधलं होतं. त्यांची पहिली बायको अडली, तिला जयपूरला नेताना उंटगाडीतच ती गेली, पोटातल्या जिवासकट. त्यानंतर त्यांनी स्वतःची जागा देऊन आठ खाटा घातल्या. लोक त्याला जच्चाघर म्हणत आणि तुम्हाला मराठन बाईजी. पुढे दगडी खांबांचा व्हरांडा, तिथे पुरुषमाणसांनी बसायचं. डॉक्टरीणबाई आठवड्यातून दोनदा जयपुराहून यायच्या. बाकीचे दिवस तुम्ही आणि गुलाबबाई नावाची दाई. किती बाळं तुमच्या हातावर आली याचा आकडा तुम्ही कधी सांगितला नाहीत. विचारलं की म्हणायचात, पोळ्या मोजतेस का तू लाटताना?

तिकडे मुलगा झाला की काशाची थाळी बडवायची रीत. मुलगी झाली तर काही नाही, फार तर कुणी सूप आपटतं. हे तुम्हाला कुठलं माहीत असायला? गेल्या गेल्या पहिल्याच महिन्यात गुलाबबाईने एका मुलाच्या वेळी थाळी वाजवलेली तुम्ही पाहिलीत आणि समजून चाललात की बाळ आलं की इथे थाळी वाजवतात. पुढच्या बाळंतपणाला गुलाबबाई गरम पाणी आणायला गेली होती. तुम्ही मोठ्या हौसेने थाळी घेतलीत आणि लाटण्याने बडवलीत. मुलगी होती. व्हरांड्यात आधी आरडाओरडा झाला, आनंदाचा. मग खरं कळलं. मग कुणीतरी म्हणालं, 'मराठन को क्या पता,' आणि सगळे हसले. त्या मुलीचा बापही हसला.

दुसऱ्या कुणी ती चूक पुन्हा केली नसती. तुम्ही तिचा नियम केलात. जच्चाघरात जो जीव येईल त्याच्यासाठी थाळी, मग तो कोणीही असो. शेठजींनी कुरकुर केली, गुलाबबाई आठ दिवस फुगून बसली, आणि हळूहळू कस्ब्याला सवय झाली. 'अस्पताल की थाली से कुछ पता नहीं चलता,' असं लोक म्हणायला लागले. ही गोष्ट सांगताना तुम्ही अशा फुलायचात की मला पाठ झालेली असूनही मी दर वेळी नव्याने विचारायची, 'मग शेठजी काय म्हणाले?'

माझ्यासाठीही वाजली ती. जयपुरात पावलापावलावर दवाखाने असताना तुम्ही मला आठव्या महिन्यात बसमध्ये बसवून तिकडे नेलंत. चिनू झाली आणि डोक्याशी असा काही आवाज झाला की मला वाटलं, फळीवरची सगळी भांडी कोसळली. मी घाबरून रडायला लागले. तुम्ही हसत होतात आणि तुमच्याही डोळ्यांत पाणी होतं. सासूबाईंचं 'मुलगी का, बरं' असं पत्र नंतर आलं, पण तोवर थाळी वाजून गेली होती. त्याबद्दल तुमचे आभार मी कधी मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धत नव्हती.

चिनू दोन वर्षांची असताना थाळी बंद झाली. मुलगा असो, मुलगी असो, जच्चाघरात एक टोला पडेना. लोक मुलासाठी घरून आपली थाळी आणायचे आणि फाटकाबाहेर वाजवायचे. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, 'कंटाळा आला.' तुम्हाला कंटाळा येतो हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पुढे गावात सरकारी दवाखाना झाला, फोन केला की गाडी दारात यायला लागली, आणि जच्चाघर आपोआप ओस पडलं. तुम्ही शेवटच्या बाहेर पडलात. आमच्या जगतपुऱ्याच्या फ्लॅटवर आलात ते एक पेटी, कुंड्या दोन आणि ही थाळी घेऊन. मला काय माहीत? एवढी जाडजूड परात घरात आहे म्हणून मी दुसऱ्याच दिवशी तिच्यात कणीक मळायला घेतली. तुम्ही माझ्या हातातून ती ओढून घेतलीत, कणकेसकट. न्हाणीघरात जाऊन ती घासत बसलात आणि दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मी तुमच्या भावाला म्हटलं, तुमच्या बहिणीचं डोकं फिरलंय. हेही आज सांगते.

कारण कळलं ते गेल्या थंडीत. शेठजींचा नातू आला होता. जच्चाघर पाडून तिथे मॅरेज गार्डन करायचं ठरलं होतं, आणि पाडायच्या आधी त्याचा इतिहास छापायचा, आजोबांचं नाव राहावं म्हणून. जुन्यांपैकी एकट्या तुम्हीच उरलेल्या. तुमचे हात तेव्हाच थरथरायला लागले होते. मग असं ठरलं की तुम्ही मराठीत सांगायचं आणि मी हिंदीत लिहायचं. सकाळी दहानंतर गॅलरीत ऊन यायचं. तुम्ही शाल पांघरून, मी मांडीवर पॅड घेऊन. जवळच्या स्टेशनात गाडी आली की आवाज संपेपर्यंत तुम्ही थांबायचात आणि मी तेवढ्यात मागच्या ओळीतली मात्रा नीट करून घ्यायची. उंटगाडी झाली, आठ खाटा झाल्या, पाण्याची टाकी झाली, पहिल्या थाळीची गंमत झाली. मला वाटलं, आता संपलं. तुम्ही म्हणालात, 'सुधा, आता भंवरीचं पान लिही.'

भंवरी कोण, मला माहीत नव्हतं.

तुम्ही सांगितलंत ते असं. भंवरीची सासरची माणसं कस्ब्यातली नव्हती, पाच-सहा कोसांवरच्या एका ढाणीतली, म्हणजे शेतातल्या वस्तीवरची. तिच्या आधीच्या दोन मुली घरीच झाल्या होत्या. तिसऱ्या खेपेला ती अडली म्हणून जच्चाघरात आणली. 'तो सासरा सकाळपासून व्हरांड्यात मिशीवर हात फिरवत बसलेला,' तुम्ही म्हणालात. 'पोता होगा, पोता होगा, एकच जप. आधीच्या नातींची नावं विचारली तर त्याला सांगता येईनात. नियम असा होता, की बाहेरगावचं कुणी असलं तर आधी गुलाबबाईने बाहेर जाऊन सांगायचं. इथली थाळी सगळ्यांची वाजते, तिच्यावरून काही समजू नका. मुलगी झाली. गुलाबबाई बाहेर निघाली. मी म्हटलं, थांब.'

मी लिहायची थांबले. तुम्ही म्हणालात, 'लिही. मी म्हटलं, थांब, त्याला जरा कळू दे. आणि मी थाळी घेतली. एरवी पाच-सात टोले. त्या दिवशी हात भरून येईपर्यंत वाजवली. रागाने वाजवली, सुधा. तसंच लिही.'

बाहेर म्हातारा उठून नाचायला लागला. गूळ आणवला, ज्याला त्याला मिठ्या मारायला लागला. व्हरांड्यात कस्ब्यातली दहा माणसं होती, सगळ्यांना इथली थाळी माहीत होती. एकानेही त्याला सांगितलं नाही. त्याचा गूळ खाल्ला आणि गालातल्या गालात हसत राहिले. मग तुम्ही बाहेर गेलात आणि म्हणालात, 'दादाजी, लछमी आई है.' बस अड्ड्यापर्यंत हसत होते लोक. छोरी पर थाली बजवाई, छोरी पर नाचा. दोन दिवस तो बाजारातून जाऊ शकला नाही.

तिसऱ्या दिवशी तो सुनेला घेऊन जायला आला. 'मला अडवता आलं असतं,' तुम्ही म्हणालात. 'बाळ अशक्त आहे, आठ दिवस राहू दे, एवढं म्हटलं असतं तर डॉक्टरीणबाई माझ्या शब्दाबाहेर नव्हत्या. बाळ अशक्त नव्हतं. पण म्हणता आलं असतं. मला त्याचं तोंड डोळ्यांपुढे नको होतं. मी सही केली आणि आत निघून गेले.' आणखी दोन दिवसांनी निरोप आला. दूध गळ्यात अडकलं म्हणे.

तुम्ही त्या ढाणीवर गेलात. म्हातारा बाजेवर बसून हुक्का ओढत होता. भंवरी चुलीपाशी, घुंगट छातीपर्यंत ओढलेला, पाचव्या दिवसाची बाळंतीण भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. कुणी काही विचारलं नाही, तुम्हीही नाही. चहा घेऊन परत आलात. चहा घेतला, हे तुम्ही दोनदा सांगितलंत.

त्या दिवशी आपलं भांडण सुरू झालं आणि दोष कुणाचा, यावर तर ते तुमच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चाललं. मी म्हटलं, ज्यांनी केलं त्यांनी केलं, यात तुमचा काय दोष? थाळी वाजली नसती तरी त्यांनी हेच केलं असतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, 'आधीच्या दोघी जगल्या, सुधा. तेव्हा त्याच्यावर गाव हसलं नव्हतं.' मी दुसऱ्या बाजूने गेले. म्हटलं, तुम्हीच सांगता, त्या घरातला एक जण आज तिकडे पुढारी आहे, शेठजींचा नातू हे छापेल का? तुम्ही म्हणालात, 'छापणं त्याचं काम, सांगणं माझं. थाळी सगळ्या मुलींसाठी वाजवली म्हणून माझं कौतुक छापायचं, आणि त्या थाळीपायी जी गेली ती गाळायची? मग तो इतिहास कसला, लग्नाची पत्रिकाच ती.'

मी पान लिहिलं, एकाची दोन झाली. तुम्हाला वाचून दाखवलं, रागासकट, चहासकट. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि म्हणालात, 'आता बरं वाटलं.' त्या रात्री कितीतरी दिवसांनी तुम्ही पोटभर जेवलात.

आणि नातू कागद न्यायला आला तेव्हा मी ती दोन पानं काढून घेतली. फाडून ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, भाजीच्या सालींखाली.

कारणं मी खूप जमवली होती. खरं कारण एकच. लोक म्हणतील, मराठन बाईजीने छोरी मारली, याची मला भीती वाटली. तुमचं नाव चांगलं राहायला हवं होतं, मला हवं होतं, तुम्हाला नव्हे. आणखी एक आहे, ते लिहायला हात धजत नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की फार दिवस नाहीत. पुस्तक छापून येईपर्यंत तुम्ही नसाल हे मला ठाऊक होतं. त्या भरवशावर मी पानं काढली. त्यानंतर तुम्ही निदान चार वेळा विचारलंत, 'भंवरीचं गेलं ना नीट?' आणि चारही वेळा मी तुमचं पांघरूण सारखं करत म्हटलं, गेलं.

तुम्ही दुपारी गेलात. मी सफरचंद किसत होते. त्याबद्दल मला फार सांगता येत नाही. किस काळा पडला आणि मी तो तसाच वाटीत घेऊन बसून राहिले, एवढं आठवतं.

तेराव्याला नातू पुस्तकं घेऊन आला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर शेठजी, आत तुमचा फोटो. पंधरा-वीस प्रती टेबलावर रचून ठेवल्या, आल्या-गेल्याने घेऊन जावं म्हणून. तुमचा भाऊ पान उलटून उलटून तुमचा फोटो बघत होता. मी पुस्तकाला हात लावला नाही.

जेवणं उरकल्यावर एक बाई आली. साठीची असेल, उन्हात रापलेली, पिवळी ओढणी डोक्यावर घट्ट. बसने जयपूरला आणि मग ऑटोने पत्ता विचारत विचारत. तुमच्या फोटोपुढे बसली, जमिनीला डोकं टेकलं आणि बराच वेळ वर केलं नाही. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, 'मैं भंवरी. बाईजी ने फोन करवाया था दिवाली पीछे. बोली थी, तेरी छोरी किताब में आएगी.'

तुम्ही तिला फोन केला होतात, वन्सं. चिनूला सांगून लावून घेतला असणार. माझ्याजवळ बोलला नाहीत.

मी पाणी आणते म्हणून आत गेले. परत आले तर तिने टेबलावरून एक पुस्तक घेतलेलं, उलटं धरलेलं. 'म्हारी छोरी कौन से पन्ने पर है?' तिने विचारलं.

माणूस किती चटकन खोटं बोलतो. मी पुस्तक तिच्या हातातून घेतलं, सरळ केलं, मधलंच एक पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. बोटाखाली होतं की पाण्याची टाकी कुणाच्या देणगीतून बांधली. ती ओळीकडे बघत राहिली. बोटाने चाचपली, ते बोट डोळ्यांना लावलं. मग म्हणाली, 'पढ़ के सुनाओ.'

मी वाचलं. टाकीच्या ओळीवर डोळे ठेवून वाचलं, 'श्रीमती भंवरी देवी की तीसरी बेटी इसी जच्चाघर में जन्मी. उसके जन्म पर थाली बजाई गई.' पुढे सुचेना म्हणून थांबले.

'कितनी जोर से बजी, वो लिखा है?'

'हाँ,' मी म्हटलं. 'लिखा है, बहुत जोर से बजी.'

तिने मान हलवली, बरोबर आहे अशी. आणि मग बोलायला लागली. तुमच्या खोलीच्या दारात, सगळे आवराआवर करत असताना, खाली बसून. त्या दिवशी ती जच्चाघरात खाटेवर पडून ऐकत होती म्हणाली. 'मेरे लिए नहीं बजी, मैं छोरी थी. मेरी बड़ी दोनों के लिए नहीं बजी. और इसके लिए बाईजी ने ऐसी बजाई, ऐसी बजाई कि छत के कबूतर उड़ गए. कस्बे के किसी छोरे के लिए इतनी नहीं बजी. मैंने उसको छाती से लगा के बोला, सुन, तेरी है.' मग म्हणाली, 'पाँच दिन की थी. पर थाली तो बजी.'

मी तिला विचारलं, हे बाईजींना कधी सांगितलंत का? तिने माझ्याकडे नवलाने पाहिलं. म्हणाली, बाईजी दर वर्षी यायच्या, मुलींना कपडे आणायच्या, पण त्यांच्यापुढे हिचं नाव कोण काढणार, त्या रडल्या असत्या.

वन्सं, तुम्ही तिच्यापुढे गप्प आणि ती तुमच्यापुढे गप्प. इतकी वर्षं तिच्या अंगणात बसून चहा प्यायलात दोघी. एकीला वाटत होतं, त्या थाळीने माझ्या हातून पाप झालं. दुसरीच्या मुलीला जन्मात मिळालेली ती एकच गोष्ट होती. यातल्या कुणीतरी एकदा तोंड उघडायला हवं होतं. मी तुमच्यावर चिडले आहे. त्या म्हाताऱ्यावर तर चिडूनही उपयोग नाही, तो नव्वदीत बाजेवर, नातवंडांच्या गराड्यात, सुखाने गेला. आणि हे सगळं ऐकून तुमचा दोष कमी होतो असं मी म्हणणार नाही. तुम्हीच म्हणू दिलं नसतं.

भंवरी पुस्तक ओढणीत बांधून घेऊन गेली.

काल दुपारी फोन आला. तिची नात, नंतर झालेल्या मुलाची मुलगी, अकरावीत आहे, जयपुरात होस्टेलला असते, सुट्टीला घरी गेलेली. फार अदबीने बोलत होती. 'आंटीजी, दादी ने पन्ना मोड़ के रखा है. उस पर तो पानी की टंकी का लिखा है. मैंने पूरी किताब पढ़ ली. दादी जो बोल रही हैं वो कौन से पेज पर है?'

तिला वाटत होतं, पानाची खूण चुकली. आणखी एक खोटं सहज खपलं असतं. दुसरी आवृत्ती, छापखान्याची चूक, काहीही. माझ्या तोंडाशी आलंही होतं. मी पलंगाच्या कडेवर बसले, पाय आत घेतला तर टाचेला थाळी लागली.

मी म्हटलं, 'बेटा, किसी पेज पर नहीं है. बाईजी ने लिखवाया था, मैंने निकाल दिया. दादी से बोलो, मैंने झूठ पढ़ा.'

पलीकडे ती दादीला सांगत असल्याचा आवाज आला. एक म्हैस ओरडली. मग ती मुलगी म्हणाली, 'दादी पूछ रही हैं, जो आपने पढ़ के सुनाया था, वो आपको याद है ना?'

'याद है.'

'तो कह रही हैं, वही लिख दो.'

आज सकाळी बसले. गॅलरीत, दहाच्या उन्हात, तुमची खुर्ची समोर ठेवून. हिंदीत एक पान लिहिलं. भंवरीची तिसरी मुलगी जच्चाघरात जन्मली, पाच दिवस जगली, नाव ठेवायचं राहिलं. तिच्यासाठी बाईजींनी हात भरून येईपर्यंत थाळी वाजवली, छतावरची कबुतरं उडाली, कस्ब्यात कुठल्या मुलासाठी वाजली नव्हती इतकी वाजली. तिसऱ्या दिवशी बाईजींनी तिला जाऊ दिलं, ते त्यांना शेवटपर्यंत लागून राहिलं. यातलं एकही अक्षर खोटं नाही. नातवाला फोन करून सांगितलं आहे की उरलेल्या प्रतींत हे पान चिकटवायचं, नाहीतर तुमचा फोटो काढून टाकायचा. तो नरमला आहे. उद्या मी बसने जाते आहे, तिला वाचून दाखवायला. थाळी तिला द्यायची आहे.

पण राग त्यात नाही, वन्सं. 'तसंच लिही' म्हणाला होतात, तरी नाही. ती ज्या आवाजाला इतकी वर्षं छातीशी धरून बसली आहे, तो एका म्हाताऱ्याला धडा शिकवायला काढलेला आवाज होता, हे तिच्या अंगणात बसून मला वाचता येणार नाही. तो राग मी इथे लिहिला आहे, मराठीत, जे ती वाचणार नाही आणि तिची नातही वाचणार नाही. तुम्ही म्हणाल, सुधा, पुन्हा गाळलंस. हो, गाळलं. या वेळी मात्र तुम्हाला सांगून गाळलं.